वाफेची विहीर

ह्यांना परदेशातून आणलं तेव्हा त्यांच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती.

बदलापूरच्या पुढे आमचं गाव आहे. तिथल्या घराच्या ओटीवर शवपेटी उघडली. सासऱ्यांनी कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. त्यांनी स्वतः मुलाचे हात उलटसुलट करून पाहिले, शर्टाची बटणं काढून छाती पाहिली, मग मोजे उतरवून तळवे पाहिले. सगळं धड होतं. ओठ तेवढे काळसर पडले होते. सासरे उकिडवे बसले होते, तसेच माझ्याकडे वळले.

"वाफंनं मेला बोलतान ना? मंग भाजला कसा नाय?"

फोनवर आम्हाला एवढंच कळवलं होतं, की वाफेच्या प्लांटमध्ये अपघात झाला. वाफ म्हटल्यावर मीही वाटेत तेच डोळ्यांसमोर आणत आले होते. चेहरा ओळखू येईल का, मुलीला दाखवावा का, असं सगळं. आणि समोर ते झोपल्यासारखे. बायका रडत होत्या, कुणी मला धरून मागे ओढत होतं, आणि माझ्या डोक्यात सासऱ्यांचा प्रश्न अडकून राहिला. पुढचा महिनाभर तो तसाच होता.

हे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात वीस वर्षं होते. आधी बॉयलरवर, मग कारखान्याच्या छोट्या टर्बाइनवर. वाफेशी त्यांचं जन्माचं नातं होतं म्हणायला हरकत नाही. पाइपला हात न लावता, नुसत्या आवाजावरून आत पाणी साचलंय की नाही ते सांगायचे. मग कारखाना बंद झाला. मशिनं भंगारात गेली, शेडच्या जागी गोडाऊन आलं. हे पंचेचाळिशीच्या पुढचे. कुणी कायमचं घेईना. दोन वर्षं इकडेतिकडे ठेकेदाराकडे काढली. मी उल्हासनगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात लॅब अटेंडंट आहे, केमिस्ट्रीच्या लॅबला. त्या दोन वर्षांत माझ्या पगारावर घर चाललं. ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मी घरी आले की हे टीव्ही बंद करायचे. दिवसभर टीव्ही बघत बसलो होतो हे मला दिसू नये म्हणून.

मग कारखान्यातल्याच एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तो आधीच पूर्व आफ्रिकेत गेला होता. तिथे जमिनीतल्या उष्णतेवर वीज करतात, आणि टर्बाइन कळणारा माणूस पाहिजे होता. महिन्याभरात हे गेले.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल यायचा. पहिले काही महिने हे इतके खूश होते की मलाच नवल वाटायचं. फोन हातात धरून प्लांटभर फिरायचे आणि दाखवायचे. मागे उघडे डोंगर, खुरटी झुडपं, आणि ठिकठिकाणी जमिनीतून निघणारे पांढरे ढग.

"ही बघ वेल. वेल म्हणजे विहीरच, पण आपल्या बोअरवेलसारखी अरुंद आणि खूप खोल. खाली दगड तापलेला आहे. त्याच्या फटींत पाणी अडकलंय. आपल्याकडे पातेल्यातलं पाणी उकळतं त्याच्या कितीतरी वरचं तापमान, पण वरून एवढा दाब, की उकळायला जागाच नाही. भोक पाडलं की ते वर धावतं. वर येताना दाब कमी होत जातो आणि पाण्याची वाफ व्हायला लागते."

"आणि मग ती वाफ टर्बाइनला?"

"थेट नाही. पाणी आणि वाफ एकत्र येते ना. पाण्याचा एक थेंब पात्यावर गेला तरी गोळी लागल्यासारखा लागतो. म्हणून हा उभा ड्रम. ह्यात दोन्ही गरगर फिरवतात. पाणी जड, ते कडेला लागून खाली उतरतं. वाफ वरून निघते. पुढचं सगळं आपल्या ओळखीचं. टर्बाइन, जनरेटर, वीज. वापरून झालेली वाफ थंड करायची, पाणी करायचं, आणि ड्रममधलं ते पाणीसुद्धा दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडायचं. कोळसा नाही, राख नाही. वीस वर्षं मी धुरात काढली गं."

सासऱ्यांना हे सगळं वज्रेश्वरीच्या कुंडांवरून समजलं. गुडघे धरले की ते तिकडे जाऊन गरम पाण्यात पाय सोडून बसतात. मुलगा तसल्याच पाण्यावर वीज करतो, हे ते गावात सगळ्यांना सांगायचे. "आपले कुंडात नुस्ते पाय शेकतान," म्हणायचे. "तो त्याच्यावर गाव उजेडात ठेवतंय."

एक गोष्ट ह्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. जमिनीतून वाफेबरोबर गॅसही येतो, आणि सगळीकडे सडक्या अंड्यांचा वास असतो. जेवण जात नाही.

मी हसले. तो वास माझ्या ओळखीचा होता. आमच्या लॅबमध्ये किप्सचं उपकरण आहे, काचेचे तीन गोळे एकावर एक. त्यात पूर्वी तोच गॅस तयार करायचो. हायड्रोजन सल्फाइड. आता अभ्यासक्रम बदलला, ते कपाटावर पडून आहे. पण पंधरा वर्षं ते मीच धुतलं होतं. साडीला वास यायचा, विठ्ठलवाडीला रिक्षात शेजारी बसलेली बाई नाक दाबायची.

"तुम्ही माझ्याच लॅबमध्ये कामाला लागलात म्हणायचं," मी म्हटलं.

चारपाच महिन्यांनी मीच विचारलं, "वासाचं काय झालं? जेवता ना नीट?"

"वास? आता येतच नाही. पार सवय झाली."

"बरं झालं," मी म्हटलं.

हे दोन शब्द मी कुणालाच सांगितले नव्हते. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

गेल्यानंतर महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत, एक पान. मुलीने वाचून दाखवलं. ती तेव्हा बारावीत होती. पत्रात होतं की विहिरीच्या तोंडाशी जो सिमेंटचा खड्डा असतो, त्यात एक कामगार बेशुद्ध पडला. त्याला मदत करायला हे श्वासाचं यंत्र न लावता, नियम मोडून खाली उतरले. दोघंही गॅसने गेले. खाली सहानुभूती आणि सही.

गॅसचं नाव मुलीने अक्षरं सुटी करून वाचलं. तिला पुढे वाचू न देता मी पत्र तिच्या हातातून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन मी लॅबमध्ये गेले. आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम निवृत्तीला आलेल्या. त्यांनी ते दोनदा वाचलं, दार लोटलं, मला स्टुलावर बसवलं.

"हा गॅस हवेपेक्षा जड असतो," त्या म्हणाल्या. "खड्ड्यात साठतो. वारा नसला तर हलत नाही, पाणी साठावं तसा भरून राहतो."

"पण मॅडम, वास येतो ना त्याला? लांबून कळतं."

त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "थोडा असतो तेव्हा कळतं. रोज रोज घेतला की नाक मरतं. आणि एकदम खूप असला तर तेव्हाच मरतं. माणसाला वाटतं, गॅस गेला."

मॅडम हे वाक्य दर वर्षी, दर बॅचला, किप्स काढायच्या आधी सांगायच्या. 'वास येईनासा झाला म्हणजे गॅस संपला असं समजू नका, बाहेर पळा.' मी तेव्हा मागे टेस्टट्यूब विसळत असायचे. पंधरा वर्षं ऐकलं होतं. पोरं हसायची त्या जागासुद्धा मला पाठ होत्या. आणि ह्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही.

त्या दिवशी मी लवकर सुट्टी घेतली. घरी न जाता गावी गेले, सासऱ्यांना सांगायला. भाजले का नाहीत, याचं उत्तर आता माझ्याकडे होतं. वाफ नव्हे, वाफेबरोबर येणारा गॅस. दुसऱ्याला काढायला गेले आणि स्वतः अडकले. सासऱ्यांनी सगळं ऐकलं. बराच वेळ जमिनीवर बोटाने रेघा ओढत होते.

"मंजे दुसऱ्याला वाचवाला जेला," ते म्हणाले.

"हो, बाबा."

त्यांचा चेहरा सैल झाला. महिन्याभरात पहिल्यांदा ते पोटभर जेवले. पुढच्या आठवड्यात गावातल्या मंडळाच्या पोरांनी नाक्यावर मोठा फ्लेक्स लावला. ह्यांचा लग्नातला फोटो, मागे हिमालयासारखे कसलेतरी डोंगर, आणि वर लाल अक्षरांत, 'दुसऱ्याचे प्राण वाचवताना वीरमरण.' सासरे रोज संध्याकाळी त्याच्या खाली जाऊन बसायचे. येणारा-जाणारा विचारायचा आणि ते सांगायचे. जमिनीत खोल भोक, वाफ, ड्रम, खड्डा, जड गॅस. मी त्यांना जेवढं सांगितलं होतं तेवढं ते बिनचूक सांगायचे.

मला मात्र पत्रातली एक गोष्ट टोचत होती. हे नियम मोडणारे नव्हते. कारखान्यात असताना, चप्पल घालून आलेल्या माणसाला बॉयलरच्या शेडमधून हाकलून द्यायचे. असा माणूस यंत्र न लावता खाली कसा उतरेल? मला वाटायला लागलं, कंपनी लपवते आहे काहीतरी. यंत्रं नसतीलच. कुणीतरी जबरदस्ती केली असेल. मला कुणीतरी हवं होतं, ज्याच्या नावाने बोटं मोडता येतील.

चार महिन्यांनी तो सहकारी सुट्टीवर आला. ह्यांची बॅग त्याच्याकडे होती. अंबरनाथ पश्चिमेला आमच्यापासून चार गल्ल्या सोडून त्याचं घर. बॅग द्यायला आला तेव्हा दारातच उभा राहिला, पाणीही घेतलं नाही. "वहिनी, फार चांगला माणूस होता," म्हणाला आणि निघाला. मी दोनदा त्याच्या घरी गेले. एकदा बायको म्हणाली झोपलेत. दुसऱ्यांदा म्हणाली बाहेर गेलेत, आणि मला आतल्या खोलीत त्याच्या चपला दिसत होत्या.

तिसऱ्यांदा मी गेले नाही. फोन केला आणि सांगितलं, "भाऊ, मी शिवमंदिराच्या रस्त्याला आहे, चहाच्या टपरीजवळच्या बाकावर. तुम्ही येईपर्यंत इथेच बसणार आहे."

सकाळचे दहा वाजले असतील. तो साडेबाराला आला. समोर देवळात जाणाऱ्यांची वर्दळ होती, बेलाच्या पानांचे ढीग मांडून बायका बसल्या होत्या. तो माझ्या शेजारी, पण बाकाच्या टोकाला बसला.

"तुम्हाला पत्र आलंय ना?" त्याने विचारलं.

"आलंय. त्यात खोटं आहे ते मला सांगा."

"खोटं नाहीये काही."

"मग तुम्ही तोंड का लपवता?"

त्याने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले, आणि सांगायला सुरुवात केली. एकदा सुरुवात केल्यावर मात्र तो थांबला नाही.

ती विहीर आठवडाभर दुरुस्तीसाठी बंद होती. खड्ड्यात तिचा मुख्य वॉल्व्ह असतो. त्याच्या दांड्यातून बारीक गळती होत होती. खाली उतरून बोल्ट आवळायचे आणि ग्रीस भरायचं, एवढंच काम. पण खड्ड्यात उतरण्याआधी गॅसचा मीटर दोरीला बांधून खाली सोडायचा, थोडं थांबायचं, आकडा बघायचा, परमिटच्या कागदावर लिहायचा, आणि मगच माणूस सोडायचा. वर एक जण श्वासाचं यंत्र घेऊन उभा पाहिजे.

"मीटर सारखा वाजायचा, वहिनी. बिघडलाय असं धरून आम्ही तो स्टोअरला दिला. तो परत आलाच नाही. वरून रोज विचारणा, वेल कधी चालू करताय. आठवडाभर आम्ही मीटर न सोडताच कागद भरत होतो."

"आम्ही म्हणजे?"

"शिफ्ट इन्चार्ज ते होते. आकडा ते लिहायचे. खाली दुसरी सही माझी."

चहावाल्याने दोन ग्लास आणून ठेवले होते, त्यावर साय धरली होती.

"त्या दिवशी सकाळी वारा पडला होता. जो माणूस खाली जाणार होता तो तिथलाच, आमच्यापेक्षा जुना. पन्नाशीचा असेल. तो म्हणाला, आज वारा नाही, दुपारी करू. तर हे म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे."

"मग?"

"मग हे खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले, खाली वाकले, आणि..." तो थांबला. "हुंगलं. मला म्हणाले, काही वास नाही. त्याला म्हणाले, जा."

देवळातल्या घंटेचा आवाज येत राहिला.

"तो उतरला. पाना लावला. दोन फेरे दिले असतील. मग पाना हातातून पडला आणि तो खाली बसला, दमल्यासारखा. मग आडवा झाला. यंत्रं गाडीत होती, आणि गाडी लांब, रस्त्याला. मी पळालो. पळताना ओरडलो, उतरू नका, थांबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहिनी. ऐकलं त्यांनी. बघितलं आणि शिडीवर पाय टाकला. मी यंत्र घेऊन आलो तेव्हा दोघेही खाली होते."

"तो माणूस..."

"तो आधीच गेला होता, डॉक्टर म्हणाले. हे उतरले तेव्हा बहुतेक तो गेलेलाच होता."

मी उठले. काय करावं ते कळेना म्हणून चहाचे ग्लास उचलून टपरीवर नेऊन ठेवले. मग तशीच चालत घरी आले. ह्यांच्याबद्दल मला जे वाटत होतं ते दुःख नव्हतं, एवढं नक्की. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. चपलेवरून माणसाला हाकलणारे तुम्ही. वास नाही म्हणालात. वास नाही, जा, म्हणालात. आणि त्याच्याही खाली, आणखी आत, मला माझाच आवाज ऐकू येत होता. बरं झालं. तुम्हाला वास येत नाही ते बरं झालं.

मुलीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "आजोबांना नको सांगू. त्यांना हे एवढंच उरलंय."

मी दहाबारा दिवस ऐकलं तिचं. पण गावी गेले की नाक्यावर तो फ्लेक्स, आणि त्याखाली सासरे. कुणीतरी विचारत होतं, "तो दुसरा वाचला का मग?" सासरे म्हणत होते, "वाचला असंल. म्हनून तर लिवलंय." दोघंही गेले हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मला ऐकवेना. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं, आणि ओटीवर बसवून सगळं सांगितलं. मीटरचं, कागदाचं, हुंगण्याचं, शिडीवर पाय टाकल्याचं. बरं झालं म्हटल्याचं तेवढं सांगितलं नाही.

सासरे म्हातारे आहेत, पण डोक्याने अजून लख्ख. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"तो मानूस वाचला?"

"नाही, बाबा."

"आन त्याला खाली कोनी धाडला?"

"ह्यांनी."

ते भिंतीला टेकून बसून राहिले. मी चूल पेटवली, भात टाकला, भात झाला, तरी ते तिथेच. मग उठले, कोनाड्यातला कोयता घेतला आणि बाहेर पडले. मी घाबरून मागे गेले. ते नाक्यावर गेले, फ्लेक्सच्या बांबूंवर बांधलेल्या सुतळ्या एकेक करून कापल्या. मंडळाची पोरं धावत आली. "बाबा, काय करताय? आमचं काय चुकलं का?" सासऱ्यांनी फ्लेक्स ओढून खाली घेतला, मुलाचा चेहरा आतल्या बाजूला येईल अशी घडी घातली, आणि ती काखेत मारून घरी आले. पोरांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. गावात मग बरंच काही बोललं गेलं. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, सुनेनं कान भरले.

रात्रीचं जेवण झाल्यावर ते म्हणाले, "बाय, त्या मानसाला बायको हाय?"

"असेल. माहीत नाही."

"असली तं तिला सांगाला पायजे. तिना इचारलं तर आपून काय सांगनार, माहीत नव्हतं?"

सहकाऱ्याची सुट्टी संपत आली होती. मी त्याला सांगितलं तेव्हा तो नको नको म्हणाला. शेवटी तयार झाला, कारण त्यालाही ते एकट्याने बाळगणं जड झालं असावं. त्या माणसाला बायको होती. शेजारच्या गावात राहत होती. सहकाऱ्याला तिची भाषा कामापुरती येत होती. रविवारी दुपारी आमच्या घरी बसून त्याने फोन लावला. नेमकी रविवारची दुपारच निघाली. सासरे गावाहून आले होते, स्वच्छ धोतर नेसून.

पडद्यावर एक बाई आली. माझ्याच वयाची, डोक्याला कापड बांधलेली. मागे पत्र्याची भिंत होती. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. म्हटलं, "तुमच्या नवऱ्याला खाली जायला माझ्या नवऱ्याने सांगितलं. गॅस तपासला नव्हता. कागदावर खोटं लिहिलं होतं. मला हे आधी माहीत नव्हतं."

सहकाऱ्याने ते तिला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की तिने त्याला परत बोलायला लावलं. मग ती बोलली, शांतपणे.

"ती म्हणते, तिला माहीत आहे. त्याच दिवशी बाकीच्या कामगारांनी सांगितलं."

सासऱ्यांनी पडद्यासमोर हात जोडले. बाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं. सहकाऱ्याने मान खाली घातली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती विचारते... तुमचा नवरा रागीट होता का? तिचा नवरा आदल्या दिवशी घरी म्हणाला होता, मला खाली जायचं नाही. पण नाही म्हटलं तर इन्चार्ज चिडेल."

मुलगी दाराशी उभी होती. तिच्यासमोर मला उत्तर द्यायचं होतं. घरात ह्यांनी कधी आवाज चढवला नाही. पण कामावर? कारखान्यातले लोक ह्यांना मागून काय म्हणायचे ते मला माहीत होतं. हेल्पर पोरं त्यांच्या शिफ्टला यायला कुरकुर करायची. मी तेव्हा ते कौतुकाने ऐकायचे.

"हो," मी म्हटलं. "कामाच्या वेळी होते."

सहकाऱ्याने सांगितलं. बाईने मान हलवली. राग आल्यासारखी नाही, रडलीही नाही. जे ठाऊक करून घ्यायचं होतं ते झालं, अशी. मग ती एक छोटं वाक्य बोलली आणि फोन बंद झाला.

"पुन्हा फोन करू नका, म्हणाली," सहकाऱ्याने सांगितलं.

तो पुढच्या आठवड्यात परत गेला. त्याच प्लांटवर, त्याच कामाला. जाण्याआधी भेटायला आला तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला तिथे उभं राहवेल?" तो म्हणाला, "इथे कुठे राहू, वहिनी? इथलं तर सगळं बंद झालंय." खड्ड्याला आता जाळी लावली आहे आणि नवा मीटर भिंतीवर कायमचा बसवला आहे, असं त्याने नंतर कळवलं. ती विहीरही चालू झाली. चांगली वाफ देते म्हणे.

वर्षश्राद्धाला गावी मोजकीच माणसं आली. पानं मांडताना सासऱ्यांनी मला आणखी एक पान मांडायला सांगितलं. गुरुजींनी विचारलं, हे कुणाचं? सासऱ्यांना त्या खड्ड्यात गेलेल्या माणसाचं नाव नीट म्हणता येईना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी सांगितलं. गुरुजी गोत्र विचारायला लागले. चुलत सासरे म्हणाले, "काय चाललंय हे, आपल्यात असं करतात का?" सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मी दोन्ही पानांवर सारखं वाढलं. भात, वरण, वडे, खीर. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागे होती.

दुपारी माणसं पांगल्यावर सासरे ओटीवर आडवे झाले. मला वाटलं डोळा लागला. मी चटई ओढायला वाकले तर म्हणाले, "त्यानी त्या मानसाला वर काढाला पाय टाकला, का सोताला मोकला कराला?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत, बाबा."

त्यांनी कूस बदलली. मी चटई त्यांच्या पायाकडे सरकवली आणि भांडी घासायला मागच्या दारी गेले.